स्टार्ट म्हणजे दचकणे

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, घरमालकावर नव्हता, हेडमास्तरांवर तर नव्हताच. पण सगळ्यांत कमी विश्वास होता तो शब्दांवर. नवा शब्द समोर आला की पोलिसपाटलानं गावात आलेल्या परक्या माणसाला हटकावं तसे ते त्याला हटकायचे. कुठून आलास? आधी काय करत होतास? ते सोडून इकडे का आलास?

स्वातंत्र्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी नुकतीच बी.ए. होऊन कल्याणच्या त्या शाळेत लागले होते. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. त्यामुळे मी इकडे भूगोल शिकवत असले तरी तिकडचं इंग्रजी मला पाठ झालं होतं.

एकदा कुणा मुलानं वाचलं, "अवर स्कूल स्टार्ट्स ॲट इलेव्हन."

"थांब," सर म्हणाले. "शाळा अकराला काय करते?"

"सुरू होते, सर."

"कोण म्हणालं? स्टार्ट म्हणजे दचकणे. उडी मारणे. शाळा अकरा वाजता दचकते का रे? छपरासकट उडते का?"

मुलं हसली. सर हसले नसावेत. ते सहसा हसत नसत.

"हा शब्द मूळचा सुरुवातीचा नाही," ते सांगू लागले. "जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ताडकन उठणे. शिकारी झुडपात काठी घालायचा आणि ससा उडी मारून बाहेर पडायचा, त्याला म्हणायचे ससा स्टार्ट केला. मग शर्यतीतला घोडा. मग प्रवासाला निघालेला माणूस. असं करत करत हा गृहस्थ सुरुवातीच्या घरात शिरला आणि आता मालक असल्यासारखा ओसरीवर बसलाय. तू बिगिन लिही."

"बिगिन बरा आहे का सर?"

"त्याचंही कूळ धड ठाऊक नाही. पंडित म्हणतात, उघडणे असा काहीतरी मूळ अर्थ असावा. असावा! असाव्यावर मी कुणाला घरात घेत नाही. पण बिचारा निदान पहिल्यापासून एकाच धंद्यात आहे."

मग स्वारी घरच्या शब्दांकडे वळायची. 'सुरू' हा अरबस्तानातून फारसीच्या पालखीत बसून आला. 'आरंभ' संस्कृत, त्याच्या पोटात घट्ट पकडणं आहे, म्हणून हात घातल्याशिवाय आरंभ म्हणू नये. आणि आपलं साधं 'लागणं'? पोर रडायला लागतं, घराला आग लागते, माणूस नादी लागतो. "लागणं सुटत नाही," सर म्हणायचे, "म्हणून जपून लागावं."

माझी मुलं नकाशात खंबायतचं आखात शोधत असायची आणि मी खडू हातात धरून आडोशाला कान लावलेला असायचा.

सर डोंबिवलीला दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको लग्नानंतर लवकरच वारली, असं शिक्षकांच्या खोलीत बोलत. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळेला निघताना दाराला कुलूप लावायचं, वर चौकटीला आडवा दोरा बांधायचा. संध्याकाळी दोरा तुटलेला दिसला की घरात कोण शिरलं याचा तपास. पुष्कळदा मांजर असे. सरांचं म्हणणं, मांजर पाठवलेलं असतं.

पायांत रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट. त्या काळी मास्तर लोक असले बूट घालत नसत, पण सरांना पावलं वाजलेली चालत नसत. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही वह्या तपासत बसलात की ते मागे येऊन कधी उभे राहिले ते कळायचं नाही. आणि एकदम, कानाशी, "काय लपवताय?"

माणूस दचकला की ते त्याच्या खांद्यांकडे बघायचे. त्यांची एक ठाम समजूत होती. तोंड खोटं बोलतं, डोळे सराईत झाले की तेही खोटं बोलतात, पण खांद्यांना खोटं बोलता येत नाही. ज्याच्या मनात काही नाही तो दचकत नाही. स्टार्ट या शब्दाचा खरा, पहिला अर्थ शरीराला अजून आठवतो, असं ते म्हणायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपला जाडजूड शब्दकोश माझ्या खुर्चीमागे धाडकन जमिनीवर टाकला. माझ्या हातातला चहा पातळावर सांडला.

"दचकलात," सर म्हणाले.

"कोणीही दचकेल!"

"म्हणजे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते मी कसं सांगणार, बाई? तुमचं तुम्हाला ठाऊक."

त्या दिवशी ठाकुर्लीला घरी जाईपर्यंत मी आपल्या मनातली पापं शोधत होते. खरं सांगायचं तर दोन-चार सापडलीही. म्हणून मला त्या माणसाचा राग यायचा.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा व्हरांड्यातली घंटा जागेवर नव्हती. घंटा म्हणजे काशाची जाड थाळी. तुळईला टांगलेली, आणि आमचा शिपाई धोंडू तिच्यावर लाकडी हातोड्यानं टोले द्यायचा. नुसती साखळी लोंबत होती. धोंडू तिच्याखाली हातोडा घेऊन उभा होता, घरातलं माणूस गेल्यासारखा.

त्या दिवसापासून शाळेत सगळेच सरांसारखे वागू लागले. धोंडूकडे व्हरांड्याची किल्ली होती म्हणून धोंडूवर संशय. ड्रॉइंगमास्तर सुटीत एकदा शाळेत येऊन गेले होते म्हणून त्यांच्यावर. हेडमास्तरांनी लगेच पोलिसांत कळवलं नाही म्हणून कुजबुज त्यांच्याबद्दलही. चहा पिताना लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायचे. आणि मग कुणीतरी म्हणालं, काशाची मोड कुठे खपते? कॅम्पात. भंगारवाले तिथेच बसतात.

कॅम्प म्हणजे विठ्ठलवाडीच्या पलीकडचा लष्करी बराकींचा तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे राहत होती. आणि आमच्या शाळेत कॅम्पातून येणारा एकच माणूस होता, मूलचंदानी.

मूलचंदानी गणित शिकवायचे. तिशीचे असतील. उंच, खांद्यात वाकलेले, इस्त्री नसलेला पण स्वच्छ सदरा. मराठी त्यांना येत नव्हतं, पण आकडे फळ्यावर असे मांडायचे की मुलांना भाषेची अडचण वाटत नसे. शिक्षकांच्या खोलीत ते नेहमी दाराकडे तोंड करून बसत. कुणाशी फारसं बोलत नसत. न बोलणाऱ्या माणसाबद्दल इतरांना बोलायला बरं पडतं.

सरांनी प्रयोग सर्वांसमक्ष केला. मधल्या सुटीत सगळे बसलेले असताना ते दारामागून आले आणि शब्दकोश टेबलावर आपटला. आम्हाला सवय झाली होती. ड्रॉइंगमास्तर नुसते "आलात का" म्हणाले. पण मूलचंदानी खुर्चीवरून उठले, की पडले, काही कळलंच नाही. पुढच्या क्षणी ते टेबलाखाली होते. दोन्ही हात डोक्यावर.

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. मूलचंदानी टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले, "माफ कीजिए" म्हणाले आणि तासाची वेळ झालेली नसताना वर्गावर निघून गेले.

सर खिडकीपाशी उभे होते. "झालं," ते म्हणाले. "आता आणखी पुरावा काय हवा?"

हेडमास्तरांना निमित्त हवंच होतं. त्यांनी मूलचंदानींना बोलावून सांगितलं की चौकशी पुरी होईपर्यंत येऊ नका. मूलचंदानींनी कसली चौकशी हेसुद्धा विचारलं नाही म्हणे. नुसती मान हलवली. ते बाहेर पडताना मी व्हरांड्यात होते. त्यांनी मला नमस्कार केला. मला वाटलं काहीतरी बोलावं. पण काय बोलावं, आणि कुठल्या भाषेत?

आता सगळे निर्धास्त झाले. फक्त सर सोडून. त्यांचा स्वतःवर तरी विश्वास कुठे होता! चार दिवसांनी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले.

"बाई, रविवारी कॅम्पात येता का?"

"मी? कशाला?"

"संशय मी घेतला. त्याला पुरावा जोडला नाही तर ती चहाडी झाली. भंगारवाल्यांकडे घंटा बघायची, त्यांच्या घरी बघायचं. घरात बाईमाणूस असेल, तिच्याशी मला बोलता यायचं नाही."

सरांना एकदा तरी तोंडघशी पडलेलं बघावं, एवढ्याच इच्छेनं मी हो म्हटलं. घरी शाळेचं काम आहे असं सांगितलं.

कल्याण स्टेशनावरून आम्ही टांग्यानं गेलो. भंगाराच्या दुकानांत सरांनी डबे, पराती, मोटारीचे भाग उलटेपालटे करून पाहिले. घंटा नव्हती. दुकानदार आमच्याकडे संशयानं बघत होते आणि सर त्यांच्याकडे. मग विचारत विचारत आम्ही मूलचंदानींच्या बराकीशी पोचलो. लांबच लांब बराक, तिचे गोणपाट आणि पत्रे लावून पाडलेले गाळे. एका गाळ्याचं पत्र्याचं दार बंद होतं.

मी हाक मारणार तेवढ्यात सरांनी मला थांबवलं. आपल्या रबरी बुटांनी ते दारापर्यंत गेले आणि छत्रीच्या दांड्यानं पत्रा जोरात ठोकला.

आत काहीतरी पडलं. आणि मग एकदम सगळं शांत. माणसं घरात असताना अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेजारच्या गाळ्यात रडणारं मूलसुद्धा थांबलं, कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा. सर कान देऊन उभे होते. त्यांनी पुन्हा छत्री उचलली.

"नको, सर," मी म्हटलं आणि पुढे होऊन हाक मारली. "माँजी, मैं स्कूल से आई हूँ. मास्टरनी. मूलचंदानीजी के साथ पढ़ाती हूँ."

पुष्कळ वेळानं दार बोटभर उघडलं. एक म्हातारी. हातात लाटणं, लाटायला धरतात तसं नव्हे, मारायला धरतात तसं. तिनं मला नखशिखान्त पाहिलं आणि दार उघडलं.

आत मूलचंदानी होते. ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये, भिंतीला पाठ चिकटवून. रविवारची दुपार, माणूस आपल्या घरात, आणि चेहरा घामानं भिजलेला. आम्हाला ओळखल्यावर ते पुढे आले, हात जोडले, बसायला सतरंजी घातली. आम्ही बसेपर्यंत ते सतरंजी पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

सर उभेच होते. ते नेहमीप्रमाणे सगळं न्याहाळत होते. मीही न्याहाळलं. फळीवर चार भांडी होती आणि प्रत्येक दोन भांड्यांच्या मध्ये चिंधी घातलेली होती. दाराच्या कडीला कापड गुंडाळलं होतं. घमेल्याखाली गोणपाट. त्या घरात काहीही वाजणार नाही अशी कुणीतरी व्यवस्था केली होती.

म्हातारीनं सरांची नजर पाहिली.

"तुम ठोका?" तिनं छत्रीकडे बोट दाखवून विचारलं.

"हाँ जी."

"वहाँ भी ऐसे ही ठोका था. इसका बाप खोलने गया." ती थांबली. मुलाकडे पाहिलं, त्यानं तोंड फिरवलं होतं. "बस. ये तब भी ट्रंक के पीछे था. ऐसे ही ट्रंक के पीछे."

सरांनी छत्री पाठीमागे नेली.

"आवाज़ देके आओ, मास्टर," म्हातारी म्हणाली. रागावून नव्हे. पोराला समजवावं तशी. "नाम बोलो अपना. फिर आओ."

ती आम्हाला पाणी देत होती, पण सर "चलतो, चलतो" म्हणत बाहेर पडले. चलते हैं म्हणायचं त्यांना सुचलं नाही. घंटेचं नावही कुणी काढलं नाही.

परतीचा टांगा लवकर मिळाला नाही. रस्त्याकडेला एका बाभळीखाली आम्ही थांबलो. सर बोलू लागले, पण माझ्याशी बोलत होते की नाही कोण जाणे.

"त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. वर्गात मी कधी सांगितला नाही, परीक्षेत येत नाही म्हणून. जहाजाला मोठा धक्का बसला की फळीचा खिळा सैल होतो, फळी जागची हलते. त्यालाही स्टार्टच म्हणतात. फळी स्टार्ट झाली." ते छत्रीनं माती उकरत होते. "मग पुढे साधी लाट आली तरी ती हलते. त्यात फळीचा गुन्हा काय?"

तोंडघशी पडलेले सर मला बघायचे होते. बघितले, आणि मजा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सर हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं. आम्ही दोघं-तिघं बाहेर हजेरीपटावर सह्या करत होतो, आणि सरांनी आवाज मुद्दाम चढवला होता, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"मूलचंदानींना परत बोलवा."

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत, ते दचकले म्हणून!"

"मी सांगितलं ते चूक होतं. निर्दोष माणूसही दचकतो. कधी कधी तोच जास्त दचकतो."

"मग घंटा नेली कोणी?"

"ठाऊक नाही. मी नेली असेल."

"थट्टा करताय?"

"नाही. किल्ली माझ्याही हाताशी असते. मी एकटा राहतो, कुणाशी बोलत नाही, चोरट्या पावलांनी हिंडतो. मूलचंदानींपेक्षा माझ्यावर संशय घ्यायला जागा जास्त आहे. करा माझी चौकशी, आणि तोवर मलाही घरी बसवा."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्याच दुपारी धोंडूला कॅम्पात पाठवलं, मूलचंदानींना उद्यापासून यायला सांग म्हणून.

धोंडू संध्याकाळी परत आला. "नाय म्हणाले," त्यानं सांगितलं. "नीट बोलले, चहा पाजला. पण नाय येणार म्हणाले. कॅम्पातल्या पोरांना घेऊन बसलेत तिकडंच, बराकीच्या ओट्यावर. गणितं चाललीत."

घंटा अखेरपर्यंत सापडली नाही. माझे वडील रेल्वेत होते, त्यांनी ठाकुर्लीहून रुळाचा एक तुकडा आणून दिला, तोच साखळीला टांगला. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हा वडिलांना रीतसर मिळालाय ना?" म्हणजे माणूस मुळातून काही बदलला नव्हता. दाराला दोरा बांधतच होता. दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा आधी घोट घ्यायला लावतच होता. पण त्या दिवसापासून शब्दकोश कपाटातच राहिला, आणि शिक्षकांच्या खोलीत येताना ते बाहेरूनच इतक्या जोरात खाकरायचे की ड्रॉइंगमास्तर म्हणायचे, यापेक्षा पूर्वीचं बरं होतं.

रविवारी सर कॅम्पात जातात हे मला धोंडूकडून कळलं. विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. "त्या पोरांना इंग्रजी कोण शिकवणार? गणितावर मॅट्रिक होत नाही."

"मूलचंदानी काय म्हणाले?"

"अजून काही म्हणाले नाहीत."

बराकीच्या टोकाला उभं राहून सर आपलं पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा मोठ्यानं सांगत. "मैं आता हूँ! मैं शाळा का मास्टर! हाथ में छत्री है, और कुछ नहीं!" कॅम्पातली पोरं त्यांची नक्कल करायची. सर ओट्यापासून जरा लांब उभे राहत. मूलचंदानी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहत, वळून बघत नसत. तास संपेपर्यंत थांबून सर डोंबिवलीला परतत. असं थंडीभर चाललं. मी एकदा म्हटलंही, सर, त्यांना तुम्ही नको असाल. ते म्हणाले, "असेल. तो त्यांचा अधिकार आहे. पण माझा आवाज त्यांच्या ओळखीचा व्हायला हवा."

होळीच्या सुमाराची गोष्ट. सोमवारी सकाळी सर खाकरत माझ्या वर्गाच्या दाराशी आले. मुलं अजून जमायची होती.

"काल म्हातारीनं आत बोलावलं," ते म्हणाले.

"काय सांगता! आणि मूलचंदानी?"

"समोर बसले होते. बोलले नाहीत. म्हातारीनं मला पापड आणि पाणी दिलं. त्यांच्यात पाहुण्याला तसं देतात म्हणे. भाजलेला पापड, हा एवढा."

"मग?"

"मग काय. मी तो हातात धरून बसलो. मोडावा तर आवाज होणार. त्या घरात, बाई, भांड्यांमध्ये चिंध्या घातलेल्या. मला मोडवेना. न खावा तर तिचा अपमान. घाम फुटला मला."

सर दाराची चौकट धरून उभे होते. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते.

"म्हातारी बघत होती. तिनं आपला पापड उचलला, मुलाच्या कानाजवळ नेला आणि कडाडकन मोडला. चांगले चार तुकडे केले. तो दचकला, आणि मग हसला. मला म्हणाला, खाओ मास्टरजी, ठंडा हो जाएगा."